कानात की कानावर? घरी बसून ऐकण्याच्या दोन परंपरांचा इतिहास

१/
इ. स. १८८१. पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शन भरले होते. त्यातील एका दालनाबाहेर रोज संध्याकाळी रांगा लागत. आत टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले असत. प्रत्येक श्रोत्याने दोन रिसीव्हर उचलून दोन्ही कानांना लावायचे आणि त्याच क्षणी पॅरिसच्या ऑपेरागृहात चाललेले गायन दूर अंतरावरून ऐकायचे. या योजनेचे जनक होते फ्रेंच अभियंते क्लेमाँ आदेर.

२/
आदेर यांनी रंगमंचाच्या पुढच्या कडेला डावीकडून उजवीकडे ध्वनिग्राहक मांडले होते. श्रोत्याच्या दोन कानांना दोन वेगवेगळ्या ठिकाणचे ध्वनिग्राहक जोडलेले असत. गायक रंगमंचावर सरकला की त्याचा आवाजही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकल्याचा भास होई. ‘स्टीरिओ’ या कल्पनेचा हा पहिला सार्वजनिक प्रयोग. वृद्ध व्हिक्टर ह्यूगो यांनीही तो कुतूहलाने अनुभवला.

३/
१८९० मध्ये या प्रयोगाचा व्यवसाय झाला. ‘तेआत्रोफोन’ या नावाने स्थापन झालेल्या कंपनीने हॉटेले आणि कॅफे यांत नाणे टाकून ऐकण्याची यंत्रे बसवली आणि वर्गणी भरणाऱ्यांच्या घरापर्यंत तारा नेल्या. रेडिओ आणि ग्रामोफोन यांच्यापुढे निभाव न लागल्याने १९३२ मध्ये ही सेवा बंद पडली. घरी बसून, दोन्ही कानांना यंत्र लावून, इतरांना ऐकू न जाणारे संगीत ऐकण्याची सवय मात्र तेथून सुरू झाली.

४/
या सेवेच्या वर्गणीदारांत कादंबरीकार मार्सेल प्रूस्त होते. दम्याने त्रस्त असल्यामुळे त्यांचे बाहेर जाणे दुर्मीळ झाले होते. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनी द्यबुसी यांचा ‘पेलेआस ए मेलिझांद’ हा ऑपेरा तेआत्रोफोनवरून घरीच ऐकला. रस्त्यावरचा कोलाहल आत येऊ नये म्हणून त्यांनी बुलव्हार ओसमानवरील आपल्या शयनगृहाच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे आवरण लावून घेतले होते, हेही प्रसिद्ध आहे.

५/
हे दोन तपशील एकत्र ठेवले की घरगुती श्रवणाचा मूळ प्रश्न स्पष्ट होतो. सूक्ष्म आवाज ऐकायचा तर आधी शांतता हवी. ती मिळवण्याचे मार्ग दोनच: खोली शांत करायची किंवा कान शांत करायचा. आजचा ग्राहक इन-इअर मॉनिटर घ्यावा की ओपन-बॅक हेडफोन घ्यावा, या विचारात पडतो तेव्हा तो याच दोन मार्गांपैकी एकाची निवड करत असतो. दोन्ही मार्गांचा इतिहास वेगळा आहे आणि दोन्हींची किंमतही वेगळी आहे.

६/
कानात शिरणारे यंत्र अर्वाचीन आहे, ही समजूत चुकीची आहे. १८९१ मध्ये फ्रेंच अभियंते एर्नेस्त मर्कादिए यांना ‘बाय-टेलिफोन’ या उपकरणाचे अमेरिकन पेटंट मिळाले. दोन छोटे रिसीव्हर, त्यांना जोडणारी लवचीक तार आणि कानाच्या तोंडाशी घर्षण होऊ नये म्हणून रबराची टोपणे, अशी त्याची रचना होती. वजन ५० ग्रॅमच्या आसपास. आजच्या इअरफोनशी त्याचे साम्य थक्क करणारे आहे.

७/
परंतु मर्कादिए यांचे लक्ष्य टेलिफोनवरील बोलणे हे होते. विद्युत संकेत मोठा करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तेव्हा नव्हती, त्यामुळे कानापर्यंत पोहोचणारा आवाज क्षीण असे. म्हणून पुढील अनेक दशके संशोधकांची धडपड एकाच दिशेने चालली: त्याच तुटपुंज्या विद्युतप्रवाहातून अधिक मोठा आवाज कसा काढावा?

८/
या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील यूटा येथे, स्वयंपाकघरातील टेबलावर सापडले. नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० मध्ये घरी बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाने ते तपासले आणि मागणी नोंदवली. एका वेळी मोजकेच नग देता येतील, कारण ते स्वयंपाकघरातच तयार होतात, असे बाल्डविन यांना कळवावे लागले. पुढे रेडिओच्या प्रारंभकाळात त्यांच्या हेडफोनना मोठी मागणी आली.

९/
बाल्डविन यांच्या रिसीव्हरचे मर्म असे: चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोखंडाची बारीक पट्टी समतोल स्थितीत ठेवायची. प्रवाह आला की पट्टी कलते आणि तिला जोडलेला अभ्रकाचा पडदा हलवते. पट्टी आधीच समतोलात असल्याने तिला हलवायला फार थोडी ऊर्जा पुरते. या रचनेला ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे; आठ दशकांनंतर ते पुन्हा भेटणार आहे.

१०/
दुसरी वाट जर्मनीत निघाली. १९३७ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने डीटी ४८ हे हेडफोन बाजारात आणले. त्यात लाउडस्पीकरप्रमाणेच तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलून पडदा कंपित करीत असे. हे ‘डायनॅमिक’ तत्त्व अवलंबणारे ते पहिले हेडफोन मानले जाते. आवाजाचा पल्ला रुंदावला आणि संगीतासाठी हेडफोन वापरण्याची तांत्रिक पायाभरणी झाली.

११/
तरीही १९५८ पर्यंत हेडफोन हे वैमानिकाचे, बिनतारी संदेशवाहकाचे किंवा टेलिफोन ऑपरेटरचे अवजार होते. त्या वर्षी अमेरिकेतील मिलवॉकी येथील हाय-फाय प्रदर्शनात जॉन कॉस यांनी स्टीरिओ रेकॉर्ड वाजवणारा एक फोनोग्राफ मांडला. सोबत एकट्याने ऐकण्यासाठी हेडफोन ठेवले होते. रुग्णालयांना भाड्याने टीव्ही पुरवण्याचा कॉस यांचा पूर्वीचा व्यवसाय. प्रदर्शनात लोकांनी फोनोग्राफकडे फारसे पाहिले नाही; गर्दी झाली ती हेडफोनभोवती.

१२/
मात्र त्या काळातील बहुतेक हेडफोन बंद पाठीचे होते, आणि बंद पाठीला एक अंगभूत अडचण असते. पडदा पुढे हलतो तेव्हा कानाकडे ध्वनी जातो. त्याच वेळी पडद्याच्या मागच्या बाजूनेही तितकाच ध्वनी निघतो. मागची बाजू बंद असेल तर तो ध्वनी वाटीच्या भिंतींवर आदळून परततो आणि मूळ ध्वनीत मिसळतो. परिणामी आवाज पेटीत कोंडल्यासारखा वाटू शकतो. कान घट्ट झाकल्याने उष्णता आणि दाब जाणवतो, तो वेगळाच.

१३/
या कोंडीवर १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने उपाय काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, हानोव्हरजवळील वेनेबोस्टेल या गावी फ्रिट्झ सेनहायझर यांनी ही कंपनी स्थापली होती. तिच्या एचडी ४१४ या हेडफोनची पाठ उघडी होती, कानाला सच्छिद्र फोमच्या गाद्या होत्या आणि वजन अतिशय हलके होते. पुढे पिवळ्या गाद्या त्याची ओळख बनल्या. कंपनीच्या सांगण्यानुसार या हेडफोनची विक्री १ कोटीच्या पुढे गेली.

१४/
उघड्या पाठीने काय साधले? मागचा ध्वनी कोंडून न राहता खोलीत विरून जाऊ लागला. खोलीतले नैसर्गिक आवाज कानापर्यंत येत राहिले, स्वतःचे बोलणे घुमेनासे झाले. वाद्ये डोक्याच्या आत नसून थोडी बाहेर, आजूबाजूला वाजत आहेत असा मोकळेपणा अनेक श्रोत्यांना जाणवला. याच घराण्यात पुढे १९९७ चा एचडी ६०० हा हेडफोन आला. घरगुती श्रवणाचा मापदंड म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

१५/
परंतु उघडे दार दोन्ही बाजूंनी उघडे असते. ओपन-बॅक हेडफोनमधून संगीत बाहेर झिरपते आणि शेजारी बसलेल्या माणसाला ते पातळ, चिरके असे ऐकू येते. बाहेरचा आवाजही कानापर्यंत विनाअडथळा येतो. अगदी खालच्या खर्जाला बहुधा थोडी ओढ लागते, कारण पडद्याच्या पुढचा आणि मागचा ध्वनी एकमेकांना काही अंशी खोडतात. म्हणजे या यंत्राची अर्धी किंमत दुकानात मोजावी लागते. उरलेली अर्धी शांत खोलीच्या रूपाने.

१६/
घरातील इतर माणसांचे काय, हा प्रश्न १ जुलै १९७९ रोजी बाजारात आलेल्या सोनी वॉकमनने ऐरणीवर आणला. त्याच्यासोबतचे फोमचे हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचे होते. सोनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की घरी ते यंत्र वापरताना आपल्याला वगळले जाते आहे, असे त्यांच्या पत्नीला वाटले. पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती. संगीत थांबवल्याविना एकमेकांशी बोलता यावे म्हणून स्वतंत्र बटणही होते.

१७/
वॉकमनचे हेडफोन उघड्या धाटणीचे होते आणि ते रस्त्यावर, आगगाडीत पोहोचले. १९८२ मध्ये सोनीने कानाच्या खळग्यात टेकणारा लहान इअरफोन आणला. २००१ मधील आयपॉडच्या पांढऱ्या इअरफोनने तो प्रकार जगभर नेला. यांपैकी कशानेही कान नीट बंद होत नसे. बाहेर गोंगाट वाढला की श्रोता आवाज वाढवी. खोलीसाठी योग्य असलेले तत्त्व रस्त्यावर आणल्याचा भुर्दंड कानांनी सोसला.

१८/
दरम्यान, कान बंद करणारी परंपरा वेगळ्याच क्षेत्रात परिपक्व होत होती: श्रवणयंत्रांच्या. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीच्या कानात बसेल इतके लहान यंत्र हवे, ते अल्प ऊर्जेवर चालायला हवे. या दोन्ही अटी बॅलन्स्ड आर्मेचर पूर्ण करीत असे. १९४६ मध्ये ह्यू नोल्स यांनी शिकागो परिसरात स्थापलेल्या कंपनीने असे सूक्ष्म भाग बनवण्यात प्रभुत्व मिळवले. मीड किलियन हे अभियंते त्याच कंपनीत अनेक वर्षे काम करीत होते.

१९/
किलियन यांनी १९७९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९८३ मध्ये एटिमॉटिक रिसर्च ही कंपनी सुरू केली. ‘कानाशी प्रामाणिक’ असा या घडवलेल्या शब्दाचा आशय. आरंभी त्यांनी श्रवणसंशोधनासाठी कानात घालायचे इअरफोन बनवले. १९९१ मध्ये संगीतासाठी ईआर-४ आणला. त्याचे तीन कडांचे मऊ टोक कानाच्या नळीत खोलवर बसे आणि बाहेरचा गोंगाट मोठ्या प्रमाणात अडवी.

२०/
‘मॉनिटर’ हा शब्द आला रंगमंचावरून. वादकाला स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरला मॉनिटर म्हणत. ढोल आणि गिटार यांच्या गदारोळात हे स्पीकर इतके मोठ्याने लावावे लागत की वादकांचे कान धोक्यात येत. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनी अभियंते जेरी हार्वे यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यातून इन-इअर मॉनिटर घडवले. त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

२१/
अशा रीतीने दोन्ही यंत्रांची जन्मस्थळे निराळी ठरतात. ओपन-बॅक हेडफोन जन्मला तो बैठकीच्या खोलीसाठी, इन-इअर मॉनिटर जन्मला तो गोंगाटावर मात करण्यासाठी. ऐकण्यातील फरकही याच वंशावळीतून येतो. माणसाच्या बाह्यकर्णाच्या वळ्या आवाजात सूक्ष्म बदल करतात आणि त्यांवरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो, हे ड्वाइट बॅटो यांच्या १९६७ च्या शोधनिबंधाने ठळकपणे मांडले. ओपन-बॅक हेडफोन कानावर बसतो, त्यामुळे या वळ्यांचा काही वाटा त्याच्या आवाजात राहतो. इन-इअर त्यांना पूर्णपणे ओलांडून थेट नळीत जातो.

२२/
शिवाय कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि उघडी असताना सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर ती वाढवते. टोपण बसताच हे अनुनादाचे गणित बदलते, म्हणून इन-इअरच्या रचनाकाराला ही वाढ यंत्रातच भरून काढावी लागते. प्रत्येकाची नळी वेगळी असल्याने तोच इअरफोन दोघांना वेगळा भासतो. टोपण सैल बसले तर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. अनेक वेळा ‘वाईट’ ठरवलेला इअरफोन वास्तविक चुकीच्या मापाच्या टोपणाचा बळी असतो.

२३/
एक मर्यादा मात्र दोन्हींना समान आहे. स्पीकरसमोर बसलेल्या माणसाच्या डाव्या कानाला उजव्या स्पीकरचा आवाजही किंचित उशिरा पोहोचतो. हेडफोनमध्ये दोन्ही कान विभक्त राहतात, म्हणून संगीत डोक्यातच वाजल्यासारखे वाटते. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला मिसळणारे मंडल सुचवले होते. ओपन-बॅक हेडफोन हा भास सौम्य करतो. तो संपूर्ण नाहीसा करीत नाही.

२४/
निवडीतील सर्वांत गंभीर बाब श्रवणशक्तीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अवघे अडीच. आतील कानातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

२५/
येथे दोन्ही यंत्रांचे गुण-दोष उलटसुलट होऊ शकतात. इन-इअर गोंगाट अडवतो, म्हणून कमी आवाजातही संगीत स्पष्ट ऐकू येते. हा लाभ तेव्हाच खरा, जेव्हा ऐकणारा आवाज प्रत्यक्षात कमी ठेवतो. ओपन-बॅक शांत खोलीत निर्धोक आणि सुखद आहे. पंख्याची घरघर, टीव्ही आणि रस्त्यावरची वाहने यांच्या सोबतीत मात्र तोच हेडफोन श्रोत्याला नकळत आवाज वाढवायला लावतो.

२६/
भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मुंबई-पुण्याच्या रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्याला ही पातळी खिडकीबाहेर किती वेळा आढळते, हे अनुभवानेच ठाऊक असते. म्हणून ओपन-बॅक घेण्यापूर्वी रोजच्या ऐकण्याच्या वेळी खोलीत पाच मिनिटे स्वस्थ बसून काय काय ऐकू येते याची नोंद करणे, ही कोणत्याही समीक्षेपेक्षा उपयुक्त चाचणी आहे.

२७/
दुसरी चाचणी माणसांची. त्याच खोलीत कोणी झोपत किंवा अभ्यास करत असेल तर ओपन-बॅकमधून झिरपणारा आवाज त्यांना त्रास देईल. उलट घरात तान्हे मूल असेल, आजारी आजी-आजोबा असतील, हाक ऐकू येणे आवश्यक असेल, तर दोन्ही कान बंद करणारे इन-इअर गैरसोयीचे, प्रसंगी धोक्याचे ठरतात. तेथे ओपन-बॅकचा ‘दोष’ हाच त्याचा गुण होतो.

२८/
तिसरी चाचणी शरीराची आणि साधनांची. नळीतील दाब, चावताना-बोलताना घुमणारा आवाज किंवा कानाचे वारंवार होणारे संसर्ग यांमुळे काहींना इन-इअर मानवत नाहीत. मळ साचू नये म्हणून टोपणे नियमित स्वच्छ करावी लागतात. ओपन-बॅक तासन्‌तास घालता येतो, पण एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मोबाइलपेक्षा सशक्त अ‍ॅम्प्लिफायर लागतो. बहुतेक इन-इअर साध्या फोनवरही पुरेसे वाजतात.

२९/
तात्पर्य: स्वतःची शांत खोली, बसून सलग ऐकण्याची सवय आणि घरातील हाकेला ओ देण्याची गरज असेल तर ओपन-बॅक. सामायिक खोली, गोंगाटाचा परिसर किंवा रात्री उशिराचे श्रवण असेल तर योग्य मापाच्या टोपणांसह, मर्यादित आवाजातील इन-इअर. प्रूस्त यांना बुचाच्या भिंती परवडल्या. ज्यांना त्या परवडत नाहीत, त्यांच्यासाठी किलियन यांनी तीन कडांचे एक मऊ टोपण बनवून ठेवले आहे.